काठीवरची तिसरी खूण

ती गेली त्या दिवशी मी एका बाईंच्या स्वयंपाकघरात कपाटाचं दार बसवत होतो. वरची बिजागरी लागली होती, खालची लागायची होती, आणि दार मी गुडघ्यावर तोलून धरलं होतं. खिशातला फोन वाजला. वाजून थांबला, परत वाजला. बाई म्हणाल्या, "घ्या की हो, कुणाचं तरी अडलं असेल." मी एका हाताने घेतला. खिळ्याचा होता. खिळ्याने मला सहा-सात वर्षांत फोन केला नव्हता.

"गुण्या, असशील तसा निघ," तो म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात ये. तिला घेऊन निघालोय. माझ्या शेडवर पडली ती."

"कोण?" मी विचारलं. कोण ते मला कळलं होतं, तरी विचारलं.

दार एका बिजागरीवर सोडता येत नाही, तीही उपटून येते. म्हणून मी खालचे दोन स्क्रू लावले आणि मग निघालो. ते दोन स्क्रू पिळताना माझ्या मनात काय होतं ते खरं लिहितो. तिला काय झालं असेल, हे नव्हतं. ती त्याच्या शेडवर काय करत होती, हे होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हृदय बंद पडलं, आणेपर्यंत संपलं होतं, असं म्हणाले. खिळा भिंतीशी बाकड्यावर बसला होता. त्याच्या मांडीवर तिच्या चपला होत्या. त्याने त्या उचलून मला दिल्या, मी घेतल्या.

खिळा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. आम्ही दोघं एकाच मिस्त्रींकडे काम शिकलो. मिस्त्री म्हणजे तिचे वडील, पुढे माझे सासरे झाले. नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती. मी कशालाही आधी गुण्या लावायचो. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं आमचं हत्यार. म्हणून मी गुण्या. त्याने एकदा सैल झालेल्या सांध्यात गुपचूप खिळा मारला आणि वर भुसा आणि सरस भरला. मिस्त्रींनी सांध्यावरून नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथे कोण झोपलंय?" तेव्हापासून तो खिळा. चाळीस वर्षं झाली, गावभर लोक त्याला खिळाच म्हणतात, आणि तो ओ देतो.

मिस्त्रींनी आपल्या मुलीला पॉलिश शिकवलं. फक्त तिला. "तुमच्या हातांना घाई आहे," असं आम्हाला सांगायचे. आम्ही लाकूड करायचो आणि ती त्याच्यावर शेवटचा हात फिरवायची. तेव्हा ती आम्हा दोघांनाही अरे म्हणायची. अरे गुण्या, इकडे बघ, इथे करवतीचा ओरखडा आहे. अरे खिळ्या, तुझा भुसा माझ्या ओल्या पॉलिशवर उडतोय, मार खाशील.

मग तिचं माझ्याशी लग्न झालं आणि मी अहो झालो. तो अरेच राहिला. लग्न माझं झालं आणि अरे त्याच्याकडे राहिलं, हे मला पहिल्या वर्षापासून टोचायचं. एकदा बोलून दाखवलं, तर हसली. म्हणाली, "मग काय त्याला अहो म्हणू? लोक काय समजतील!" खिळ्याने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच नाही.

ती गेल्यावर आमची मुलगी येऊन राहिली. ती परगावी असते, रजा काढून आली होती. आठवड्याभराने ती आईच्या वस्तू आवरायला बसली. मी म्हटलं चपला मी बघतो. बाहेर नेऊन उलट्या करून झटकल्या तर तळाच्या खाचांतून भुसा पडला. लाल भुसा. बोटावर घेऊन वास घेतला. शिसम.

आमच्या दुकानात त्या वर्षात शिसम आलंच नव्हतं. सगळं पांढरं लाकूड आणि प्लायवुड चाललं होतं. आणि खाचांतला भुसा एका दिवसाचा नव्हता. थर होता, खालचा चिकटून घट्ट झालेला, वरचा मोकळा. म्हणजे ती तिथे पुष्कळ वेळा गेली होती.

मला आठवलं. दोन-तीन महिने ती दुपारी म्हणायची, "जरा पाय मोकळे करून येते." मी रंधा मारत असायचो. मी म्हणायचो, "ये."

"बाबा, काय करताय?" मुलीने दारातून विचारलं.

"चपला साफ करतोय."

"अर्धा तास?"

मी दुसरी चपल उचलून झटकायला लागलो.

आमचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. लहान आहे, चार पावलं रुंद आणि सहा पावलं खोल. माझं कामाचं टेबल मी भिंतीला बोल्टांनी आवळलेलं आहे, त्यातच अर्धी जागा जाते. उरलेल्या अर्ध्यात लाकूड, कपाटं आणि ती. ती दाराशी दोन पत्र्याच्या डब्यांवर दार आडवं टाकून, खाली मान घालून पॉलिश करायची. उजेड काय तो तिथेच यायचा. कुणी आत-बाहेर करणार असलं की तिला सगळं उचलावं लागायचं. दुपारी ऊन सरकलं की ती डबे सरकवायची, मग दार, मग बाटल्या.

"हे दुकान आहे का काडेपेटी?" ती म्हणायची. "एक काडी काढायची तर दहा हलवा. टेबलाला चाकं लावा. कामाला लागेल तसं फिरवता येईल."

"चाकांचं टेबल!" मी म्हणायचो. "म्हणजे मी रंधा मारायचा, टेबल रस्त्यावर पळायचं, आणि तू पुढे जाऊन अडवायचं. घोडागाडीच घेऊ मग."

"ब्रेक असतात हो चाकांना."

"ब्रेक लावला तरी डुगडुगतं. टेबल म्हणजे कसं, भिंत हलली तरच हललं पाहिजे."

"हसा. एक दिवस करून दाखवीन."

"दाखव. मी चाकांना तेल घालतो."

हे बोलणं इतक्या वेळा झालं की त्याचं गाणं झालं होतं. दोघांनाही पुढची ओळ पाठ.

तीन आठवड्यांनी एका सकाळी खिळा हातगाडा घेऊन दारात आला. गाड्यावर पोत्यांखाली लाकडं होती. मी आतूनच बघितलं. बाहेर गेलो नाही.

"तिचं सामान आहे," तो म्हणाला.

"तिचं कसलं सामान तुझ्याकडे?"

"टेबल. सुटं केलंय. तुझ्या दारातून उभं जाणार नाही."

"मी कुठे मागितलं?"

"तू नाहीच मागितलंस," खिळा म्हणाला आणि एकेक लाकूड उतरवून भिंतीला लावायला लागला. चार पाय, आडव्या पट्ट्या, जाड फळी एकसंध, आणि चाकं मारलेल्या दोन बुटक्या फळ्या. लाकूड लाल होतं. शिसम.

मुलगी बाहेर आली. "काका, आत या ना, चहा टाकते."

"नको गं. गाडा परत द्यायचाय." त्याने माझ्याकडे बघितलं. "जमेल ना रे जोडायला?"

"मला विचारतोस?"

"विचारलं आपलं," असं म्हणून तो गेला. गाड्याचं एक चाक कुरकुरत होतं, ते वळणापर्यंत ऐकू आलं.

मी ती लाकडं दोन दिवस तशीच ठेवली. ये-जा करताना अंग चोरून जायचो. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही जोडलंत तर मी जोडते. मग वाकडं झालं तर रडू नका." ती मिस्त्रींची नात आहे, बोलली म्हणजे करणार. मी उठलो.

प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने आकडा होता. कुठला पाय कुठे, कुठली पट्टी कशात. आकडे तिच्या हातचे होते. तिचा इंग्रजी पाच मी कुठेही ओळखेन, पोट फुगलेला आणि टोपी सुटी. म्हणजे ती तिथे बसून, त्याने केलेल्या लाकडांवर एकेक आकडा घालत होती. मी तो पाच अंगठ्याने पुसायला गेलो आणि पुसला नाही.

मग मी सांधे बघितले. मला बघायचंच होतं. खिळ्याचं काम मला माहीत आहे. प्लायवुड, पट्टी, ठोक खिळा, पुढचं गिऱ्हाईक. पण इथे पायांना खाचा होत्या आणि पट्ट्यांना त्या खाचेत बसणारी कुसवं, आणि कुसू पलीकडे निघालं की त्याच्यात शिसमचीच पाचर. सरस नाही, काही नाही. पाचर ठोकली की आवळलं, काढली की सुटं. मी गुण्या लावला. चारही पायांच्या खाचा बरोबर काटकोनात. मी अर्धा तास त्या सांध्यांत खिळा शोधला. माझ्या लोहचुंबकाचा तुकडा घेऊन शोधला. एक जरी सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"काय शोधताय?" मुलगी म्हणाली.

"काही नाही."

"सापडलं की सांगा."

ते आम्ही उलटं ठेवून जोडलं, आधी पाय, मग पट्ट्या, मग चाकांच्या फळ्या. ती युक्ती मात्र बघण्यासारखी होती. दोन्ही टोकांना एकेक बुटकी फळी बिजागरीवर लोंबते, प्रत्येकीला दोन चाकं. फळीवर पाय दाबला की चाकं जमिनीला लागतात, टेबल उचललं जातं आणि एक ठोकळा आपोआप पडून फळी तशीच अडकते. आता टेबल एका बोटाने ढकला. जागेवर नेलं की दोरी ओढायची. ठोकळा निघतो, चाकं वर जातात, आणि टेबल आपल्या चार लाकडी पायांवर बसतं. डुगडुगायला जागाच नाही. माझ्या घोडागाडीच्या विनोदाला हे उत्तर होतं, आणि विनोद मी तीस वर्षं केला होता.

टेबल सुलटं करून, चाकांवर ठेवून दाराशी ढकललं. तिचे डबे असायचे त्या जागी ते बरोबर बसलं. एका बाजूला बोटभर जागा उरली. मुलीने फळीवरून हात फिरवला. फळी कोरी होती, घासून गुळगुळीत केलेली पण वर काही न लावलेली.

"बाबा, पुढच्या महिन्यात तुमचा वाढदिवस," ती म्हणाली. "आईने तुमच्यासाठी करवून घेतलं असणार. गुपचूप. म्हणून काकांकडे जायची."

मला हे सुचलंच नव्हतं. खरं सांगतो, एवढा हलका झालो की खाली बसलो. चहा घेतला. त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली. माझ्यासाठीच जायची. त्याच्याकडे गेली, पण माझ्यासाठी गेली. शेजारचे आले तर त्यांनाही सांगितलं, "बायकोने करून दिलंय."

ते सुख सकाळपर्यंत टिकलं.

सकाळी दोरी ओढून टेबल पायांवर बसवलं, एक पट्टी घेतली आणि रंधा मारायला उभा राहिलो. चार हात मारले आणि कंबर बोलली. सरळ उभा राहून हात खाली सोडला. कामाचं टेबल माणसाच्या मनगटाला लागलं पाहिजे. हा मिस्त्रींचा नियम. "टेबल माणसाच्या मापाचं, माणूस टेबलाच्या मापाचा नाही." माझं मनगट त्या फळीच्या कितीतरी वर लोंबत होतं. आदल्या संध्याकाळी टेबल चाकांवर होतं, त्यामुळे थोडं उंच, आणि मी बसून चहा घेत होतो, म्हणून कळलं नव्हतं.

माझ्या मनात लगेच एकच आलं. खिळा माझ्यापेक्षा बुटका आहे. त्याने टेबल स्वतःच्या मापाने केलं. ती त्याला सांगत होती ह्यांच्यासाठी कर, आणि तो आपलं मनगट धरून करत बसला. किंवा ती सांगतच नव्हती.

मिस्त्रींची एक काठी होती. कंबरेइतकी उंच, शिसमची. आम्ही शिकाऊ होतो तेव्हा त्यांनी आम्हाला भिंतीला टाचा लावून उभं केलं, हात सोडायला सांगितला आणि मनगटाच्या हाडाशी काठीवर पटाशीने खूण केली. पुढे ज्याने त्याने आपल्या खुणेवरून टेबल करायचं, टेप लावायचा नाही. वरची खूण माझी, तिच्याखाली दोन बोटांवर खिळ्याची. त्यांच्याही खाली आणखी एक खूण होती. ती मी नेहमी मिस्त्रींची पटाशी घसरली असेल असं समजायचो. मिस्त्री गेल्यावर ती काठी आमच्याकडे आली. दुकानाच्या दारामागे खिळ्याला लटकलेली असते.

मी दारामागे हात घातला. खिळा होता, काठी नव्हती.

टेप खिशात टाकला आणि निघालो. खिळ्याची शेड दोन गल्ल्या सोडून आहे. तो रंधा मारत होता. मला बघून थांबला, पण रंधा हातातून ठेवला नाही. मी आधी जमिनीकडे बघितलं. ती कुठे पडली असेल ते शोधत होतो. मग भिंतीकडे बघितलं, तर काठी तिथे होती.

"ही इथे कशी?"

"तिने आणली."

"माझ्या दुकानातली काठी आहे."

"मिस्त्रींची काठी आहे," खिळा म्हणाला. "तिच्या बापाची. तिने उचलली, तिने आणली."

"आणि तू स्वतःच्या मापाचं टेबल करून माझ्या दारात टाकलंस. तीन महिने माझी बायको इथे येत होती आणि तुला माझं मनगट सापडलं नाही?"

तेव्हा त्याने रंधा ठेवला. काठी काढून जमिनीला टेकवली आणि शेजारी उभा राहून हात सोडला. मनगट मधल्या खुणेला लागलं.

"ही माझी," तो म्हणाला. "वरची तुझी. जाऊन मोज टेबल. माझंही नाहीये ते."

"मग कुणाचं?"

त्याने सगळ्यात खालच्या खुणेवर बोट ठेवलं.

"ती घसरलेली आहे," मी म्हणालो.

"मिस्त्रींची पटाशी? कधी घसरली रे? तू आणि मी दोघं मिळून चाळीस वर्षांत चारशे वेळा घसरलो असू. ते नाही." खिळा काठीकडे बघत बोलत होता. "पोरगी अठराची झाली तेव्हा त्यांनी तिलाही भिंतीला उभं केलं. म्हणाले, हिचंही टेबल करायचं. मग त्यांचे डोळे गेले, करायचं राहिलं."

"मी कुठे होतो तेव्हा?"

"वखारीत गेला होतास, लाकूड आणायला."

मी तिथल्या ठोकळ्यावर बसलो. म्हणजे टेबल माझं नव्हतं. ते तिने स्वतःसाठी करवून घेतलं होतं. तीस वर्षं ती डब्यांवर दार टाकून, वाकून, माझ्या प्रत्येक कपाटाला पॉलिश करत होती आणि दारामागे तिच्या मापाची काठी लटकत होती. मी रोज ती बघत होतो.

"मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो.

"तुला नाही सांगितलं?" तो म्हणाला. "मला तर म्हणाली, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगतेय."

हे खरं होतं. चाकं लावा, असं ती म्हणायची, आणि मला वाटायचं माझ्या टेबलाला.

"तू मात्र लगेच तयार झालास," मी म्हणालो. लागेल असंच बोललो.

"लगेच कसला. दोन वेळा नाही म्हणालो. म्हटलं, घरात सुतार आहे, बाहेर कशाला? तर म्हणाली, गुण्याला सांगून थकले." तो जरा हसला. "आणि काय छळलंय मला! खाचा परत करायला लावल्या. पाचरा तीनदा टाकून दिल्या. म्हणायची, खिळ्या, नीट कर, गुण्या चुंबक घेऊन बघेल. एक खिळा सापडला तर मरेपर्यंत बोलेल."

मी वर बघितलं. "ती मला गुण्या म्हणायची?"

"मग काय म्हणणार?"

"घरी अहो म्हणायची."

"इथे कुठलं अहो. इथे सारखं गुण्या असा आणि गुण्या तसा."

काय सांगू. तिने तीस वर्षांत मला त्या नावाने हाक मारली नव्हती. मला वाटत होतं ते नाव मोडीत निघालं. ते इथे होतं, या शेडमध्ये, आणि ऐकत होता तो. मला त्याचा एवढा राग आधी कधी आला नव्हता, चपलांतल्या भुशाच्या दिवशीही नाही.

"अजून काय म्हणायची?"

"कशाला आता?"

"सांग म्हणतोय ना."

"म्हणायची," खिळ्याने मान खाजवली, "गुण्या लावला त्या कोपऱ्यात बरोबर असतो. बाकीचे तीन कोपरे त्याला दिसत नाहीत."

मी हसलो की काय झालं मला माहीत नाही. नाकातून आवाज आला. तोही तोंड फिरवून रंध्यातली साल काढायला लागला. साल निघालेलीच होती.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "फळी कोरी ठेवलीस."

"ती करणार होती पॉलिश. मी म्हटलं, कामाच्या टेबलाला कुणी पॉलिश करतं का? आठ दिवसांत ओरखडे पडतील. तर म्हणाली, माझं टेबल आहे, मी करणार, पडू देत ओरखडे." मग म्हणाला, "त्या दिवशी तेच करायला आली होती. बाटली उघडली, कापूस फडक्यात बांधला. आणि म्हणाली, खिळ्या, जरा पाणी दे."

शेवटचं ते बोलली. त्याच्याशी.

"दिलंस?" मी विचारलं.

"आणलं," तो म्हणाला. "तोवर बसली होती ती खाली, त्या खिडकीशी. पेला हातात दिला तर धरला नाही." त्याने खिडकीकडे हात केला, पण बघितलं नाही. "दहा पावलांवर माठ आहे, गुण्या. दहा पावलं. मी धावलो पण."

मला वाटलं होतं मी त्याला काहीतरी बोलेन. बोलण्यासारखं माझ्याकडे चाळीस वर्षांचं साठलेलं होतं. पण तो माझ्यासमोर उभा होता आणि त्याचे हात पुढे धरलेले होते, पेला धरल्यासारखे. मी त्याला म्हणालो, "तू काय करणार होतास," आणि काठी घेऊन निघालो. त्याने अडवलं नाही. दारातून त्याने विचारलं, "ती पॉलिशची बाटली आणि तिने बांधलेला कापूस आहे इथे. नेतोस?" मी परत फिरलो आणि दोन्ही घेतलं.

"तुला येतं का रे पॉलिश?" मी विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही."

मुलगी रविवारी गेली. जाताना तिने टेबलाकडे बघून विचारलं, "मग वापरणार ना?" मी म्हटलं बघू. तिला टेबल कुणाच्या मापाचं आहे ते मी सांगितलं. तिने शेजारी उभं राहून हात खाली सोडला. तिचंही मनगट वर राहिलं, बोटभर. ती माझ्यावर गेलीय उंचीला.

रोज सकाळी मी पायाने फळी दाबून ते टेबल दारात उजेडात नेतो आणि दुपारी ऊन सरकलं की त्याच्याबरोबर सरकवतो. त्याच्यावर काम करत नाही, मला ते बुटकं आहे. माझं काम भिंतीच्या टेबलावर. चाकांना तेल घातलं. काठी परत दारामागे लावली, खुणा बाहेरच्या अंगाला येतील अशी. खिळ्याबद्दलचा माझा मत्सर संपला असं म्हणणार नाही. ती त्याच्यापाशी काय काय बोलली ते मला अजून सगळं हवं आहे, आणि तो एकदम सांगत नाही. गुरुवारी येतो, उभ्या उभ्या एखादी गोष्ट सांगतो आणि जातो. मी त्याला अजून बस म्हटलेलं नाही.

फळीला पॉलिश करून बघितलं. तिच्याच बाटलीतलं, तिने बांधलेल्या त्याच कापसाने. पट्टे पडले आणि मधे बुडबुडे आले. एवढी वर्षं शेजारी उभं राहून मी बघितलं काय, तर आपला रंधा. काचपेपरने घासून सगळं काढून टाकलं.

दोन कपाटं भिंतीशी तयार उभी आहेत, त्यांचंही पॉलिश व्हायचं आहे. टेबलाची फळी कोरी आहे.